हंसाताईंची जुळणी

हंसाताई चुरींशी मी बोललेलं पहिलंच वाक्य खोटं होतं. "शाळेच्या कामासाठी कॉम्प्युटर हवाय," असं मी त्यांना म्हणालो.

त्या डहाणूजवळच्या सरावलीत, आपल्या घराच्या पडवीत बसल्या होत्या. पडवीला त्यांनी सरकत्या काचा लावून घेतल्या होत्या. मध्ये एक लांबलचक लाकडी टेबल, त्यावर चौघडी घातलेली सतरंजी, आणि स्क्रू सांडू नयेत म्हणून कड असलेली स्टीलची थाळी. साठीच्या आसपासची बाई. बारीक चण, फिकी सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा, एक चष्मा नाकावर आणि दुसरा कपाळावर. डहाणूत कॉम्प्युटर जुळवून घ्यायचा असेल तर चुरीबाईंकडे जा, असं मला तिघांनी सांगितलं होतं. पण त्या अशा असतील असं एकानेही सांगितलं नव्हतं.

मी इंटरनेटवरून उतरवलेली यादी पुढे केली. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली, मग तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"कुठला विषय शिकवता, सर?"

"गणित."

"मग एवढं ग्राफिक कार्ड कशाला? त्रिकोण काढायला?"

मी काहीतरी पुटपुटलो. तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो. कॉलेजात असताना होस्टेलवरच्या मित्राच्या कॉम्प्युटरवर खेळलो होतो, त्यानंतर नोकरी, लग्न, आईचं आजारपण, आणि मग कधीतरी एकदा ते पुन्हा करावंसं वाटायला लागलं होतं. पण डहाणूसारख्या गावात दहावीच्या मुलांच्या पालकांना कळलं की गणिताचे सर घरी गाड्या पळवतात, तर? बायकोलाही मी शाळेचंच कारण सांगितलं होतं.

हंसाताईंनी नाकावरचा चष्मा काढला. "माणसं पत्ते कुटतात तेव्हा लाजतात का? खरं सांगा, काय खेळणार? त्याशिवाय मला पार्ट निवडता येत नाहीत."

सांगितलं. गाड्यांच्या शर्यती, आणि ते शहर वसवायचे खेळ असतात ना, रस्ते, पाणी, वीज, वस्ती, ते.

"हां. आता बोललात."

माझी यादी त्यांनी उलटी करून तिच्यावर चहाचा कप ठेवला. ड्रॉवरमधून एक जुनी लग्नपत्रिका काढली आणि तिच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. पुढचा अर्धा तास त्यांनी मला जे प्रश्न विचारले त्यांत कॉम्प्युटरचा प्रश्न क्वचितच होता. मशीन कुठल्या खोलीत ठेवणार, खिडकी समुद्राकडे आहे का, बसायला खुर्ची कसली, चष्म्याचा नंबर काय. "घरात हलकी झोप कोणाची?" मी म्हणालो, आईची. त्यांनी पत्रिकेवर लिहिलं, 'मोठे पंखे, हळू फिरणारे.' लहान पंखा जोरात फिरतो म्हणून आवाज करतो, मोठा निवांत फिरून तेवढीच हवा ओढतो, हे मला तेव्हा कळलं.

"शहर वसवता ना, मग जोर प्रोसेसरला द्या. वस्ती वाढली की त्याचं काम वाढतं, कार्ड नुसतं चित्र काढतं. मेमरीची एक मोठी पट्टी नको, दोन सारख्या घेऊ, दोन्हीकडून वाहतूक होते. आणि गाड्या पळवायच्या तर स्क्रीन चांगला घ्या. माणसं सगळं कार्डावर घालतात आणि स्क्रीन जुनाच ठेवतात. मग ते कार्ड कुणाला दिसणार?"

शेवटी पत्रिका माझ्या हातात देताना म्हणाल्या, "घरी काय सांगितलंय?"

"शाळेचं काम."

"ते आधी नीट करा. मशीन नंतर."

मी त्या संध्याकाळी बायकोला खरं सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला वाटलंच होतं. शाळेच्या कामासाठी कोणी इतका वेळ गाड्यांचे व्हिडिओ बघत नाही."

हंसाताईंनी पूर्वी टेलिफोन खात्यात काम केलं होतं. एक्सचेंजमध्ये शेकडो रंगीत तारांच्या जुड्यांसमोर त्यांची सगळी नोकरी गेली. माणसं कमी करायला लागले तेव्हा त्या मुदतीआधी बाहेर पडल्या. यजमान आधीच गेलेले, मुलगी लग्न होऊन नाशिकला. बाकीचं मी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. जे काही कळलं ते मी रविवारी सकाळी त्यांच्याकडे जायला लागलो त्यातून. माझं मशीन झाल्यावर तशी जायची गरज नव्हती. पण बॅटरीचा उजेड धरायला, खोकी उघडायला दुसरा हात लागतो, असं त्या एकदा म्हणाल्या, आणि मला तेवढं पुरलं.

त्यांच्या काही सवयी होत्या. कुठल्याही पार्टला हात लावण्याआधी खिडकीच्या लोखंडी गजाला बोटं टेकवायच्या, अंगातली वीज उतरावी म्हणून. पण ते त्या इतक्या सवयीने करायच्या की भाजी चिरायला घेण्याआधीही त्यांचा हात गजाकडे गेलेला मी पाहिलाय. पार्ट खाचेत बसला की 'खट्' असा बारीक आवाज येतो. तो आल्यावर म्हणायच्या, "बराबर." आवाज आला नाही, तर पार्ट कितीही नीट बसलेला दिसो, काढून परत बसवायच्या. कॅबिनेटला त्या कपाट म्हणायच्या. आणि जुळवलेलं मशीन पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीनकडे बघत नसत. बटण दाबायच्या आणि आत चहा टाकायला निघून जायच्या. गिऱ्हाईक इकडे श्वास रोखून बसलेलं, आणि त्या स्वयंपाकघरातून पंख्यांचा आवाज ऐकत असायच्या. सगळं ठीक असलं तर आतूनच, "बराबर!"

सगळ्यात चांगलं कार्ड कुठलं, असं कोणी विचारलं की त्यांचा एकच प्रश्न असायचा, "कुणासाठी?"

हे जिगरभाईंना आवडलं नाही. घोलवडच्या बाजूला त्यांची चिकूची मोठी बाग. पस्तिशीचा, हौशी माणूस. त्यांना कपाटाला चारी बाजूंनी काच हवी होती, आत इंद्रधनुष्यासारखे दिवे हवे होते, आणि प्रोसेसर थंड करायला पाणी खेळवणारा कूलर. हंसाताईंनी विचारलं, खेळता काय? तर क्रिकेट. फक्त क्रिकेट.

"मग एवढं कशाला, जिगरभाई? साधं मशीन पळेल. त्यापेक्षा खुर्ची चांगली घ्या. तुम्ही मघापासून कमरेला हात लावून बसलाय."

जिगरभाई उठलेच. "मला खुर्ची विकत नका सांगू, बेन. पार्ट सांगा."

ते गेले आणि मुंबईहून स्वतःच सगळं घेऊन आले. दोन आठवड्यांनी एका सकाळी त्यांची जीप दारात. मागच्या सीटवर काचेचं कपाट आणि एका खोक्यात बाजारातलं सगळ्यात लांबलचक कार्ड. ते कार्ड त्या कपाटात जात नव्हतं. अर्ध्या इंचाने अडत होतं. जिगरभाईंनी दाबून बघितलं होतं, तिरकं करून बघितलं होतं, मेहुण्याला बोलावून बघितलं होतं.

मला वाटलं आता हंसाताई काहीतरी बोलणार. मी तर मनातल्या मनात दोन-तीन वाक्यं तयारही केली. त्यांनी फूटपट्टी लावली, आत हार्ड डिस्कसाठी असलेला लोखंडी पिंजरा दाखवला आणि म्हणाल्या, "कार्ड चांगलंय. कपाट लहान पडलं, एवढंच. हे तुम्हाला लागत नाही, काढून टाकू." मग सगळे पार्ट बाहेर काढून, रिकामं कपाट अंगणात नेऊन त्यांनी त्या पिंजऱ्याचे रिवेट एकेक करून ड्रिलने उडवले, कडा कानशीने घासल्या, लोखंडाचा कीस पुसला, आणि दुपारपर्यंत कार्ड आत होतं. दिवे लागले तेव्हा जिगरभाई लहान मुलासारखे खूश झाले. हंसाताई काचेतून बराच वेळ बघत राहिल्या. "छान दिसतंय हो," म्हणाल्या, आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं होतं. नंतर जिगरभाईंकडून चिकूची एक पेटी आली. त्याच माणसाने महिन्याभराने फोन करून विचारलं, ती खुर्ची कुठे मिळते?

एक गोष्ट मात्र त्या कुणाच्याही घरी सोडत नसत. मशीन द्यायला जाताना पिशवीत मीटर असायचा. आधी भिंतीतला सॉकेट तपासायचा, अर्थिंग आहे का बघायचं, आणि नसेल तर मशीन परत आणायचं. लोक चिडायचे. एका माणसाने तर मुहूर्त काढून ठेवला होता. "मुहूर्त पुढचा काढा," हंसाताई म्हणाल्या आणि रिक्षात बसून परत आल्या. मला तो हट्ट वाटायचा. एकदा स्टाफरूममध्ये मी हे गंमत म्हणून सांगितलं, तर आमच्या पाटीलबाई, ज्या इतिहास शिकवतात, त्या हसल्या नाहीत. त्यांनी आपला डावा कोपर पुढे केला.

"हा का वाकडा आहे, माहितीये?"

हंसाताईंनी सुरुवातीला जुळवलेल्या मशीनांपैकी एक पाटीलबाईंच्या घरी गेलं होतं. दिरासाठी. पाटीलबाई ओल्या हाताने टेबल पुसत होत्या, कपाटाला हात लागला, आणि त्या मागे फेकल्या गेल्या. कोपर मोडला. इलेक्ट्रिशियनने बघितलं तर सॉकेटच्या तिसऱ्या, अर्थिंगच्या भोकाला वायरच नव्हती. घर बांधलं तेव्हापासून नव्हती.

"त्यात त्यांची काय चूक?" मी म्हणालो.

"आम्हीही तेच म्हणालो. पण त्या धावत आल्या, सॉकेट बघितला, आणि म्हणाल्या, मी बघायला पाहिजे होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दारात उभ्या. म्हणाल्या, पोळ्या लाटता येणार नाहीत तुम्हाला. प्लास्टर निघेपर्यंत रोज येत होत्या, सर. सरावलीहून. पोळ्या करायच्या, भांडी लावायची आणि जायचं. सासूबाई नको नको म्हणून थकल्या. एकदा मीच रागावले, तर म्हणाल्या, मला करू द्या, नाहीतर मी पुढचं मशीन जुळवू शकणार नाही."

मी हे हंसाताईंना कधी विचारलं नाही. पण त्यानंतर त्यांच्याबरोबर कुठे गेलो की मीटरची पिशवी मी धरायला लागलो.

संजय वरठा आला तो रविवार मला चांगला आठवतो. तलासरीच्या पुढच्या एका पाड्यावरून दोन गाड्या बदलून आला होता, बरोबर बायको ललिता. सत्तावीस-अठ्ठावीसचा, उंच, शर्ट नीट इस्त्री केलेला. उजवा हात खिशात. हंसाताई एका कपाटाचं झाकण काढत होत्या. नेहमीच्या सवयीने त्यांनी ते त्याच्यापुढे केलं, "धरा जरा." त्याने दोन्ही हात पुढे केले. उजव्या हाताला फक्त अंगठा होता.

हंसाताईंनी झाकण तसंच त्याच्या हातात दिलं. मागे घेतलं नाही. काम उरकल्यावर परत घेतलं आणि म्हणाल्या, "बसा. बोला."

सीमेपलीकडच्या कारखान्यात तो पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर होता. त्यात बोटं गेली. कंपनीने जे दिलं त्यातून त्याला गेमिंगचं मशीन करायचं होतं. हे ऐकून हंसाताईंचा चेहरा बदलला.

"नाही हो. ते पैसे खेळात घालू नका. मी नाही देणार जुळवून."

"किराणा दुकान काढलंय, ताई," संजय म्हणाला. "ते चालतंय. ही बघते. हे वेगळं ठेवलेलं आहे."

"मीच सांगितलं त्याला," ललिता म्हणाली. "दोन वर्षं झाली. लग्नाला येत नाय, बाजाराला येत नाय. दिवसभर फोनवर दुसऱ्यांचे खेळ बघतो. मी म्हटलं, दुसऱ्यांचे बघतोस त्यापेक्षा तू खेळ."

हंसाताईंनी तरी पत्रिका काढली नाही. तेव्हा संजय म्हणाला, "मी लाईनवर सगळ्यात फास्ट होतो, ताई. आता कोणीपण भेटला की आधी हाताकडे बघतो, मग तोंडाकडे. गेममध्ये हात दिसत नाय."

मग हंसाताईंनी ड्रॉवर उघडला आणि लग्नपत्रिका काढली.

त्याला पाच जणांच्या टोळीने पाच जणांशी लढायचा खेळ खेळायचा होता. त्यात एका हाताने माउस आणि दुसऱ्या हाताने किबोर्डवरच्या सात-आठ कळा सतत लागतात. हंसाताईंनी आयुष्यात कधी केली नसेल अशी निवड त्या दिवशी सुरू केली. "तुमच्या खेळाला कार्ड मध्यम पुरेल," त्या म्हणाल्या. "तिथे वाचवू. माउसवर घालू." डाव्या हातात बसणारे माउस फार थोडे. त्यांनी पाच माउस मागवले, संजयला तीन रविवार बोलावून एकेक हातात धरायला लावला, आणि दोन्ही बाजूंना बटणं असलेला, वजनाला हलका असा एक ठरवला. उजव्या अंगठ्याला दोन मोठ्या कळा मिळाल्या. उरलेलं काम पायांना द्यायचं ठरलं.

पायासाठी त्यांनी आधी दारावरच्या बेलची बटणं फळीवर बसवून पाहिली. ती पहिल्याच दिवशी फुटली. मग शिलाई मशीनचं पायडल लावलं, तर ते दाबल्यावर फार उशिरा ऐकायचं. मधल्या काळात त्यांनी एक जुना किबोर्ड उघडून त्यातली हिरवी पट्टी बाहेर काढली होती आणि तिला बारीक वायरी डाग देऊन जोडल्या होत्या, म्हणजे पायाखालचं बटण दाबलं की कॉम्प्युटरला कळ दाबल्यासारखी वाटावी. शेवटी त्या वापीहून, कारखान्यातल्या मशीनवर असतात तसली तळव्याएवढी गोल बटणं घेऊन आल्या. चार. दोन काळी, एक पिवळं, एक लाल.

संजयने फळी पाहिली आणि तो मागे सरकला. ललिताने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"काय झालं?" हंसाताई म्हणाल्या.

"तसंच आहे," तो लाल बटणाकडे बघत म्हणाला. "मशीन बंद करायचं. त्या दिवशी मला ते सापडलं नव्हतं."

हंसाताईंनी लगेच स्क्रूड्रायव्हर उचलला आणि ते बटण सोडवायला लागल्या. हे आपल्या लक्षात यायला हवं होतं, असं त्या स्वतःशीच दोनदा म्हणाल्या. अर्धं सुटलं तेवढ्यात संजय पुढे आला.

"राहू दे, ताई. काढू नका. फक्त रंग बदला."

घरात खिडक्यांना लावून उरलेला निळा ऑइलपेंट होता. त्याने स्वतः, डाव्या हाताने, ते बटण रंगवलं. जरा रंग फळीवरही गेला. आम्ही चौघं तो वाळायची वाट बघत ओट्यावर बसलो, आणि हंसाताईंनी सगळ्यांना चहा दिला.

पाड्यावर मशीन पोचवायला हंसाताईंबरोबर मीही गेलो होतो. अपेक्षेप्रमाणे तिथे अर्थिंग नव्हतं. पण या वेळी हंसाताईंनी मशीन परत नेलं नाही. गाडीतून तांब्याची पट्टी, कोळसा आणि मिठाची गोणी उतरवली. घरामागे अर्थिंगचा खड्डा खणायला शेजारचे तिघे आले, बायकांनी हंड्यांनी पाणी ओतलं. एक म्हातारे आजोबा विचारत होते की इथे कसलं झाड लावताय. वीज कमी दाबाची होती म्हणून स्टॅबिलायझरही लावला. मीटरचा काटा हवा तिथे आल्यावरच हंसाताईंनी बटण दाबलं, आणि चहा कुठे टाकायचा हे न कळल्यामुळे अंगणात जाऊन उभ्या राहिल्या.

पहिल्या डावात संजय दोन मिनिटांत मेला. दुसऱ्यातही. तिसऱ्यात त्याचा पाय चुकून दुसऱ्या बटणावर पडला आणि तो आपल्याच माणसांच्या मध्ये जाऊन उड्या मारत राहिला. कानावरच्या हेडफोनमधून कोणीतरी जोरजोरात ओरडत होतं. मला वाटलं, झालं, आता हा उठणार. संजय वळला. तो हसत होता.

"शिव्या देतायत मला," तो म्हणाला. "सगळ्यांना देतात तशाच."

ललिता दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला आणि ती आत निघून गेली. हंसाताई खिडकीतून म्हणाल्या, "पिवळं बटण जड आहे का? स्प्रिंग बदलू?"

"थोडं हलकं करा," तो म्हणाला, आणि लगेच परत स्क्रीनकडे वळला.

त्यानंतर दोन वेळा हंसाताई स्प्रिंग बदलायला तलासरीला जाऊन आल्या. दुसऱ्यांदा गेल्या तेव्हा संजय घरी नव्हता. बाजाराला गेला होता. ही बातमी त्यांनी मला फोन करून सांगितली.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता माझ्या लक्षात आलं की हंसाताई बोलताना उजवा हात मांडीवर, डाव्या हाताखाली ठेवतात. चहाचा कप त्या भरून आणेनाशा झाल्या. मी काही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर त्यांनी खरं तेच सांगितलं असतं.

मग एका रविवारी प्रोसेसर बसवताना तो त्यांच्या बोटांतून निसटून सॉकेटवर पडला. मदरबोर्डच्या त्या चौकोनात केसाएवढ्या शेकडो पिना असतात. त्यातल्या सात-आठ वाकल्या. त्यांनी चष्मा बदलला, भिंग घेतलं, सुई घेतली, आणि सुई हातात धरून तशाच बसून राहिल्या. सुईचं टोक स्थिर राहत नव्हतं. त्यांनी सुई खाली ठेवली आणि गिऱ्हाइकाला तिथल्या तिथे फोन लावला. "माझ्या हातून तुमचा बोर्ड गेला. नवीन आणते. आठ दिवस थांबावं लागेल." फोन ठेवून मला म्हणाल्या, "कंपवात आहे, सर. डॉक्टर म्हणतात हळूहळू वाढतो. मुलगी नाशिकला ये म्हणते."

"मग?"

"हा बोर्ड बदलून देते. आणखी एक मशीन कबूल केलंय. ते करते आणि जाते."

ते मशीन कोसबाडला शेतकऱ्यांच्या मुलांना शेती शिकवणाऱ्या मनीषा नावाच्या बाईंचं होतं. त्यांना शेतीचाच खेळ खेळायचा होता, ट्रॅक्टर, नांगरट, पेरणी. त्या हे सांगायला आल्या त्या दिवशी मी हंसाताईंना फार दिवसांनी खळखळून हसताना पाहिलं. "दिवसभर शेती, आणि घरी येऊन परत शेती?"

"तिथे पाऊस मी म्हणेन तेव्हा पडतो, मावशी," मनीषाबाई म्हणाल्या.

पत्रिका लिहून झाली, पार्ट आले. रविवारी सकाळी मी गेलो तर सगळं टेबलावर मांडून ठेवलं होतं आणि हंसाताई टेबलाच्या या बाजूला, माझ्या नेहमीच्या स्टुलावर बसल्या होत्या. त्यांची खुर्ची रिकामी होती.

"बसा तिथे," त्या म्हणाल्या.

"मी? मला नाही जमणार."

"मला पण नाही जमणार. मग कसं करायचं?"

मी बसलो. गजाला बोटं टेकवली. प्रोसेसर कडेने उचलून सॉकेटवर आणला. हंसाताई वाकून बघत होत्या, पण हात पुढे आणत नव्हत्या.

"त्रिकोण बघा कोपऱ्यावर. इथला आणि तिथला एका बाजूला. हं. आता दाबू नका. नुसता ठेवा. सोडा. आता सॉकेटची ही कडेची दांडी खाली घ्या. आवाज येईल करकर, घाबरू नका, तो येतोच." दांडी खाली गेली. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मेमरीची पट्टी माझ्याकडे सरकवली. चार तास लागले. त्यांना एक लागला असता. एकदाही त्यांनी 'असं नाही' म्हटलं नाही, फक्त जिथे चुकलो तिथे म्हणायच्या, "परत काढा."

दुपारी मनीषाबाई रिक्षा घेऊन आल्या. मशीन सुरू झालं, पंखे फिरले. पैसे-पावती झाल्यावर हंसाताई त्यांना म्हणाल्या, "हे ह्या सरांनी बसवलंय. पण काही झालं तर फोन मला करा."

मशीन जुन्या गोधडीत गुंडाळून आम्ही रिक्षात ठेवलं. मॉनिटरचं खोकं धरायला माणूस हवा होता म्हणून मीही बसलो. हंसाताई फाटकापर्यंत आल्या. ड्रायव्हरला म्हणाल्या, "पुलाच्या आधी रस्ता खराब आहे, तिथे दमाने घ्या." मग मला म्हणाल्या, "सर, खोकं उभं धरा. आडवं नको." मी उभं धरलं. नाशिकला कधी जाणार, हे विचारायचं राहूनच गेलं; मला वाटलं होतं, पुढच्या रविवारी विचारू. पुढच्या रविवारी पडवीच्या काचांना कुलूप होतं.

रिक्षा निघाली तेव्हा मी मागच्या प्लास्टिकच्या चौकोनातून पाहिलं. त्या फाटकात उभ्या होत्या, डाव्या हाताने फाटक धरून. उजवा हात त्यांनी वर केला होता, आणि तो हलत होता. निरोप देत होत्या की तो आपला आपणच हलत होता, ते मला कळलं नाही. मी खोकं गुडघ्यांत धरलं आणि हात हलवला.